शेवंतीची मातृरोपे आणि मध्यरात्रीचा दिवा

मार्गशीर्ष लागून गिरिजेच्या काठावरील कपाशीची वेचणी शेवटाला आली आणि रात्री एका घोंगडीने भागेनासे झाले, की आमच्या फुलंब्रीकडे ज्यांच्या शेतात पॉलीहाऊस उभे आहे व त्यात शेवंतीची मातृरोपे, म्हणजे कलमांसाठी शेंडे देणारी रोपे, राखलेली आहेत, अशा मंडळींची एकच कैफियत माझ्या कानांवर येऊ लागते : "गुरुजी, थंडीने रोपांना अवेळी कळ्या धरल्या." मला दिलेल्या अवधीत हरितगृहाच्या हिवाळी व्यवस्थेची सगळी अंगे मांडावीत अशी अपेक्षा आहे खरी, परंतु त्या एका वाक्यातला 'थंडीने' हा शब्द मला इतका खुपतो, की बहुतेक वेळ त्याच्याच समाचारात खर्ची पडणार, हे आधीच कबूल करून ठेवतो.

कळी थंडीने धरत नाही; ती रात्रीच्या लांबीने धरते. तूर थोडी उशिरा पेरली तर ती कमरेएवढीच राहते, पण फुलोरा मात्र शेजारच्या वेळेवर पेरलेल्या, डोक्याएवढ्या तुरीच्या मागोमाग घेते, हे आपण बांधावरून पाहतो आणि विसरतो. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ गार्नर आणि ॲलर्ड या दोन शास्त्रज्ञांपुढे तंबाखूची एक दांडगी जात अशीच कोडे होऊन उभी होती. उन्हाळ्यात शेतात ती नुसती वाढत राही आणि हिवाळ्यात काचघरात आणली की फुले. त्यांनी भर उन्हाळ्यात रोपे रोज दुपारनंतर अंधाऱ्या कोठीत नेऊन ठेवली, तेव्हा ती उन्हाळ्यातही फुलली, आणि १९२० मध्ये त्यांनी, फुलणे दिवसाच्या लांबीवर ठरते, हा आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. शेवंती त्याच गोत्रातली. अंबाडीही त्यातली.

पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवून दिले, की वनस्पती मोजते ती दिवसाची लांबी नव्हेच, तर अखंड अंधाराची. आणि तो अंधार मध्येच थोड्या प्रकाशाने तोडला, की आधीची मोजदाद रद्द होते. 'अखंड' हा शब्द कृपा करून टिपून घ्या. मी तो पुन्हा उच्चारणार आहे.

घरातलेच उदाहरण घ्या. गृहिणी कोमट दुधाला विरजण लावते, पातेले झाकून कोपऱ्यात ठेवते आणि रात्रभर त्याला धक्का लागू देत नाही. आता समजा, घरातल्या एखाद्या नातवाने मध्यरात्री उठून त्यात पळी फिरवली, तर सकाळी दही धड लागलेले नसते. गृहिणीच्या दृष्टीने तो अपराध. मातृरोपे राखणाऱ्याने मात्र रोज रात्री नेमका तोच अपराध करावयाचा आहे, कारण त्याला दही नको आहे, दूधच हवे आहे, म्हणजे फूल नको, कोवळा शेंडा हवा आहे. विरजण लावल्याबरोबर पळी फिरवली तर काही बिघडत नाही, कारण पुढे सबंध रात्र शिल्लक असते. तसाच संध्याकाळी तासभर लावलेला दिवा वाया जातो. पळी एकाच जागी बुडवून भागत नाही, ती कडेकडेने फिरावी लागते. तसा प्रकाश वाफ्याच्या टोकाच्या रोपापर्यंत, आणि नुसत्या शेंड्यावर नव्हे तर पानांवर, पोचावा लागतो, कारण मोजदाद पाने करतात. आणि एकदा दही लागले, की ते घुसळून ताक होईल, दूध होणार नाही. आमच्या सौभाग्यवतींनी हा दृष्टान्त ऐकून हरकत घेतली, की थंडीत तर दही लवकर लागतच नाही. मी म्हटले, बरोबर. कळीचेही तेच आहे! कडाक्याच्या थंडीत ती उलट रेंगाळते. मग थंडीवर हा आरोप कशासाठी?

आता हिशेब पाहा. आपला मुलूख वीस अक्षांशांवरचा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस पुरता अकरा तासांचाही नसतो, म्हणजे रात्र तेरा तासांची. तुम्ही सूर्यास्तापासून तीन तास दिवे जाळले, तर पुढे दहा तासांचा अखंड अंधार उरतो, आणि बऱ्याच जातींना कळी धरावयास तेवढा पुरतो. तेच तीन तास मध्यरात्रीच्या अलीकडे-पलीकडे जाळले, तर पाच तास इकडे, पाच तास तिकडे. वीजबिल तेच, फळ निराळे. पुस्तकी शिफारस रात्री दहा ते दोन अशी चार तासांची आहे, ती पाळावी. प्रकाश किती? पानाच्या उंचीवर वर्तमानपत्र धरून अक्षर सुखाने वाचता यावे, इतका. तांबूस छटेचा दिवा चांगला. निळसर पांढऱ्याच्या मोहात पडू नका, कारण पान ही खूण मुख्यत्वे तांबड्या प्रकाशावरून ओळखते.

माझ्या स्वतःच्या हयगयीची हकिगत सांगतो. एका डिसेंबरात मी दिव्यांना चकतीचे स्वयंचलित घड्याळ जोडले आणि निश्चिंत झालो. वीज गेली की ती चकती थांबे, आली की थांबली तेथून पुढे चाले. भारनियमनाने रोज तास-दोन तास मागे पडत ती अशी घसरली, की दहाला लागावयाचे दिवे पहाटे लागू लागले आणि मग भर उन्हात जळू लागले. दिवसा जळणारा दिवा कोण पाहतो? तीन आठवड्यांनी कलमासाठी एक शेंडा खुडला, सहज नखाने उभा चिरला, तर कोवळ्या पानांच्या गाभ्यात खसखशीच्या दाण्याएवढी हिरवट गाठ दिसली. दुसरा चिरला, तिसरा चिरला, सर्वांत तीच. तरीही लोभाने मी त्यांची कलमे लावली. मुळे उशिरा फुटली, आणि जी जगली त्यांनी वीतभर उंचीवर एकेक केविलवाणे फूल दिले. एखाद-दुसरी रात्र चुकली तर रोप क्षमा करते. लागोपाठच्या आठ-दहा रात्री चुकल्या तर नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळांना पटत नाही. मातृरोपांचा दिवा केवळ हिवाळ्यापुरता नाही. हॉलंडात उन्हाळी दिवस सोळा तासांवर जातो, म्हणून तिकडे त्या दिवसांत दिव्याची गरज पडत नाही. आपला जूनमधला सर्वांत मोठा दिवससुद्धा सुमारे तेरा तास वीस मिनिटांचा, आणि तिकडून आलेल्या अनेक जातींची कळी रोखणारी दिवसाची मर्यादा त्याच्याही वर. आपल्या झिपरी, राजा, रेवडीच्या काश्या उन्हाळ्यात उघड्या रानात लावून जमते, म्हणून पॉलीहाऊसमधल्या परदेशी पाहुणीलाही तोच न्याय लावणे म्हणजे... असो, समोरून वेळेची खूण होते आहे.

थंडीबद्दल दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. पारा दहाच्या खाली गेला तर वाढ खुंटते, रोप जमिनीलगत पसरून बसते, म्हणून बाजूचे पडदे सूर्य मावळण्याआधी सोडावेत, मावळल्यावर नव्हे; पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्री पाने ओली राहून पांढऱ्या तांबेऱ्याला आमंत्रण जाणार नाही. शेंडे वेळच्या वेळी खुडत राहावे, आणि चार-पाच महिन्यांत मातृरोप थकले, की मोह न धरता बदलावे. नवी मातृरोपे कशी निवडावीत हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे; त्यात माझे काही कडवे मत आहे, ते आज राहिले.

तेव्हा एवढेच करा : आज रात्री बारा वाजता अंथरुणातून उठा, पॉलीहाऊसच्या दारापर्यंत जा, आणि दिवे लागलेले आहेत की नाहीत ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. नसतील, तर आधी घड्याळाची चकती पुढे करा, आणि सकाळी दोन शेंडे नखाने चिरून पाहा.