उशाशी जागणारा कामगार



या व्यासपीठावर पंडितांनी बोलायचे असते. आमची शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके चाळता चाळता. बोलण्यात खडबडीतपणा आढळला तर सोसून घ्यावा. विषय मात्र तुमच्या घरातलाच आहे.

तुमच्या आळीत एखादे तरी घर असे असेल, की जिथे अर्धांगाने वडील अंथरुणाला खिळले आहेत किंवा आईची स्मृती गेली आहे, मुले परगावी आहेत, आणि ब्युरोमार्फत एक बाई येते. तिला आपण 'मावशी' म्हणतो. सकाळी आठ ते रात्री आठ, नाहीतर रात्री आठ ते सकाळी आठ. काही घरांत तर ती चोवीस तासांची असते, म्हणजे झोपेचाही हिशेब कामातच, फक्त पैशात नाही.

हे काम बिनकसबाचे आहे असे म्हणणाऱ्याने एक रात्र करून पाहावे. आजाऱ्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाडावर जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. नाकातल्या नळीतून पेज द्यायची तर डोके उंच करून, सावकाश. घाई झाली तर ती फुप्फुसात उतरायची. लघवीच्या पिशवीचे माप ठेवायचे, हगणेमुतणे काढायचे, सत्तर किलोचा देह एकटीने उचलून खुर्चीत बसवायचा. हमालाच्या पाठीवरचे पोते रागावत नाही, शिव्या देत नाही, मध्यरात्री घाबरून उठत नाही. हिचे ओझे हे सगळे करते, आणि तरी हिने त्याच्याशी गोड बोलायचे असते.

आता या बाईचा मालक कोण, ते विचारून पाहा. घरधनी म्हणतात, "आम्ही ब्युरोला पैसे देतो." ब्युरोवाला म्हणतो, "मी फक्त गाठ घालून देतो." तो आपले कमिशन मात्र दर महिन्याला कापतो, गाठ एकदाच घातली, दक्षिणा कायमची! कंबर धरली तर रजा नाही, घरी बसलेल्या दिवसाचा पगार नाही. आणि आजारी माणूस गेला, की त्याच घटकेला तिचे कामही गेले. वर्षभर ज्याला भरवले त्याच्यासाठी डोळे पुसायच्या आतच तिने पिशवी उचलायची. पहाटे माणूस गेला म्हणून रात्रपाळीचे अर्धेच पैसे दिल्याचे एक प्रकरण आमच्याकडे आले होते. घर सुशिक्षितांचे होते.

"तुमचा मालक कोण?" हा प्रश्न नवा नाही. माथाडी कामगारांना हेच ऐकवले जाई. आज या पेढीची पोती, उद्या त्या पेढीची; जबाबदारी कोणाचीच नाही. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्राने कायदा केला. व्यापाऱ्याने मंडळात नोंद करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही तिथे भरायची; मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी पाहायचे. पेढी बदलली तरी मंडळ बदलत नाही, ही त्यातली खरी अक्कल. १९८१ साली हाच साचा खाजगी सुरक्षा रक्षकांना लावला. त्या कायद्याला भोके आहेत, सूट मिळवून एजन्सीवाले निसटतात, हे आम्ही जाणतो. पण कायदा आहे. फाटक राखणाऱ्याला मंडळ आहे. माणूस राखणारीला तसे मंडळ नाही.

कोणी म्हणेल, २००८ चे घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे ना? आहे. त्यात नोंदणी आहे, प्रसूतीला मदत आहे, अंत्यविधीलाही आहे. पण मजुरी वसूल करून देण्याची ताकद त्यात नाही. अंत्यविधीची सोय झाली, जगण्याची राहिली.

"घर म्हणजे काही कारखाना नव्हे," असेही आम्हाला ऐकवतात. पण घर हे कामाचे ठिकाण आहे, हे कायद्याने एकदा मान्य केलेच आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घर स्पष्ट धरले आहे. तक्रारीपुरते जे कामाचे ठिकाण, ते पगाराच्या वेळी देवघर कसे होते?

एक आक्षेप मात्र आम्हाला खरा वाटतो. पेन्शनीवर जगणारा म्हातारा म्हणतो, "मी आणखी कुठून देऊ?" त्याच्याशी आमचे भांडण नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे देशात १० कोटींवर होती. इतक्यांच्या शुश्रूषेचा भार एकेका घराने पेलावा, हेच मुळी चूक. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला. आपल्याकडे तेवढे होईतो निदान कमिशनवर मर्यादा, आठ तासांवरच्या कामाला दुप्पट दर आणि माथाडींच्या धर्तीवर मंडळ, एवढे मागणे जास्त नाही.

तुमच्याकडून आम्हाला वर्गणी नको, कागद हवा आहे. ब्युरोला दिलेल्या पैशांची पावती घ्या आणि ती आमच्या कचेरीत आणून द्या. बाईच्या हातात किती पडले ते आम्ही तिच्याकडून लिहून घेऊ, तिचे नाव बाहेर फुटू न देता. अशा शंभर जोड्या जमल्या, तर कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवायला आमच्यापाशी काहीतरी असेल. आज नुसते तोंड आहे.