ओरिजिनल कुणाच्या कपाटात ठेवताय?

(नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर बेळगावात केलेलं भाषण)



मला सांगितलंय की तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात दोन-दोन, तीन-तीन ऑफर लेटर आहेत. आमच्या वेळी दोन आली तरी घरात पेढे वाटायचे. माझं गाव खानापूर तालुक्यातलं. जीएनएम झाल्यावर मला दोन ठिकाणी बोलावणं आलं. एक बेळगावातलं वीस खाटांचं नर्सिंग होम, पगार चार हजार. दुसरं पुण्यातलं मोठं हॉस्पिटल, पगार नऊ हजार, राहायला होस्टेल, दोन वर्षांचा बाँड. आई म्हणाली, "हितंच र्‍हा की गं, घरचं जेवण मिळंल." मी पुण्याला गेले. त्याचा पश्चात्ताप आजही नाही. चूक केली ती वेगळीच.

जॉइन होताना ऑफिसातल्या बाईंनी मार्कशीट, डिप्लोमा, रजिस्ट्रेशन, सगळं ओरिजिनल मागितलं. मी देऊन टाकलं. पावतीसुद्धा घेतली नाही. चौदा महिन्यांनी महाराष्ट्र शासनाच्या अधिपरिचारिका पदासाठी कागदपत्रं तपासायला कोल्हापूरला बोलावणं आलं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी माणसाला तिथं अर्ज करता येतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला काढायला बाबांनी किती चकरा मारल्या होत्या ते मी पाहिलं होतं. दाखला हातात होता, पण डिप्लोमा हॉस्पिटलच्या कपाटात. "बाँडचे पन्नास हजार भरा आणि घेऊन जा," असं उत्तर मिळालं. पन्नास हजार? आमच्या घरात तेव्हा पाच हजार रोख नव्हते. तारीख निघून गेली. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून आज पहिलं हेच सांगते. ओरिजिनल दाखवायचं, ठेवायचं नाही. झेरॉक्सवर सही करून द्या. अगदीच अडून बसले तर कुठला कागद घेतला त्याची यादी करा आणि शिक्क्यानिशी पोच घ्या. बाँडमध्ये रक्कम किती, नोटीस किती दिवसांची, मधेच सोडलं तर अनुभवाचा दाखला देणार की नाही, हे सही करण्याआधी वाचा. वाचायला घरी नेऊ देत नसतील तर तिथंच काय ते ओळखा.

आता पगार. पत्रावरचा आकडा बघून हुरळू नका. पीएफ, मेस, होस्टेल, युनिफॉर्म कापून हातात किती येतात ते विचारा. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं खाजगी हॉस्पिटलांसाठी शिफारस केली होती. दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, शंभराच्या वर असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरला पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या खाली असलं तरी वीस हजारांपेक्षा कमी नको. ती पाळतात किती ते तुम्ही जाणताच. पण हा आकडा डोक्यात असला की समोरच्या टेबलाशी बोलताना मान खाली जात नाही.

जीएनएमवाल्यांनी इकडं नीट लक्ष द्या. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सीवाल्यांना अनुभव लागत नाही, तुम्हाला लागतो, आणि तो किमान पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला, दोन वर्षांचा. म्हणजे घराजवळच्या वीस खाटांच्या ठिकाणी पाच वर्षं राबलात तरी तिथं ते मोजणीत धरत नाहीत. त्या पदाचा मूळ पगारच 44,900 आहे. घराजवळ राहायचं की नाही हे ठरवताना हा हिशेब मांडा. आई-बाबांनाही मांडून दाखवा, त्यांना कळतं.

मुलाखतीच्या दिवशी लगेच परत फिरू नका. दुपारी ओव्हरच्या वेळी कँटीनमध्ये बसा. ड्युटी संपवून आलेल्या एखाद्या सिस्टरला विचारा, रात्री एकटीकडे किती पेशंट असतात? आयसीयूत व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक नर्स हवी. ती दोन-तीन सांभाळत असेल तर नव्या मुलीला तिथं कोण शिकवणार? पहिल्या सहा महिन्यांत तुमच्या शेजारी कुणी अनुभवी सिस्टर उभी राहणार का, हा माझ्या मते पगाराइतकाच मोठा प्रश्न आहे. पुण्यात मला तशी भेटली होती, म्हणून तर पश्चात्ताप नाही म्हटलं.

आणखी एक, राज्य बदलणार असाल तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी लागते. आपल्या इथलं रजिस्ट्रेशन कर्नाटकाचं. मुंबईची नोंदणी व्हायला वेळ जातो, आजच कागद हलवा. गोव्यात सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा रहिवास आणि कोकणी मागतात, मराठी येत असेल तर बरं, एवढंच. त्यामुळं तिकडं आपल्याला बहुतेक खाजगीच.

भाषेचं बोलल्याशिवाय आपली सभा संपत नाही, पण मी वॉर्डातलं बोलते. आपल्या भागातली म्हातारी "दुखतंय" एवढंच म्हणत नाही. कळ येते, ठणकतं, आग होते, चमक मारते, भणभणतं. यातला फरक ज्या नर्सला कळतो ती डॉक्टरला नीट सांगू शकते. ही तुमची लायकी आहे, बायोडेटात लिहा. पण बैलहोंगलची आजी "होट्टे नोवु" म्हणाली तर पोट दुखतंय हेही कळायला पाहिजे. कन्नड शिका. हक्काची लढाई रस्त्यावर लढू की, खाटेजवळ नको.

बरं, बोलून झालं. ज्यांनी ऑफर लेटर पिशवीत आणलीत त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडं या. बाँडचं पान वर काढून ठेवा. मी चष्मा आणलाय.