‘पास’ ह्या एका शब्दाविषयीं
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. आम्हीं मात्र आज दोन अक्षरांचा एक इंग्रजी शब्द निवडला आहे. तो आपणां सर्वांच्या तोंडीं इतका रुळला आहे कीं तो परका आहे ह्याची आठवणही कोणास राहिलेली नाहीं. तो शब्द म्हणजे ‘पास’.

त्याचें मूळ लॅटिन भाषेंत आहे. तेथें ‘पासुस’ म्हणजे पाऊल. त्यावरून फ्रेंच भाषेंत पुढें जाणें, ओलांडणें ह्या अर्थाचें क्रियापद झालें व तेथून तें इंग्रजींत आलें. विश्वासांगीकाराच्या लॅटिन पाठांत प्रभूनें दुःख भोगलें हें सांगतांना जो ‘पासुस’ येतो तो मात्र निराळा. त्याचें मूळ सोसणें ह्या अर्थाच्या धातूंत आहे. रूप एक, कूळ वेगळें. आपल्या मराठींतील ‘पासून’ व ‘पाशीं’ हे शब्द तर संस्कृत ‘पार्श्व’ म्हणजे बाजू ह्यावरून आलेले. त्यांचेंही ह्या पाहुण्याशीं नातें नाहीं.

आतां व्यवहार पाहूं. मुलगा परीक्षेंत पास होतो, सभेंत ठराव पास होतो, कचेरींत बिल पास होतें. नवी गाडी ‘पासिंग’ला जाते आणि तिच्या पाटीवर चंद्रपुरास एम. एच. ३४ व गडचिरोलीस एम. एच. ३३ असे आंकडे पडतात. बल्लारपूरच्या फलाटावर कोणाच्या खिशांत रेल्वेचा पास असतो, शाळकरी मुलीच्या दप्तरांत एस. टी.चा. खेळाडू चेंडू पास करतो. आणि ज्यास कांहींच करावयाचें नाहीं तो टाइमपास करतो.

ह्या बहुतेक सर्व उपयोगांत एक गोष्ट समान आहे. अलीकडचें कांहीं तरी पलीकडे जातें. परंतु तें जाऊं द्यावें कीं नाहीं हें ठरविणारा पुष्कळदां दुसराच असतो. शब्दाची खरी कसोटी येथें लागते.

इंग्रजींत मनुष्य परीक्षा ‘पास’ करतो, म्हणजे ती ओलांडून पुढें जातो. मराठींत तो स्वतःच ‘पास’ होतो. मग आपण त्यास फारसीचें ‘ना’ जोडलें; जसें नापसंत, नालायक, तसें नापास. ही जोडणी इंग्रजींत नाहीं. परिणाम असा कीं ओलांडावयाची राहिली ती एक प्रश्नपत्रिका, परंतु शिक्का बसतो मुलाच्या कपाळीं. ज्याच्या घरीं गोंडी किंवा माडिया बोलतात व ज्यानें पुस्तकी मराठी शाळेंतच प्रथम ऐकली, त्याच्या बाबतींत तर नापास कोण झालें, मूल कीं शिकविण्याची रीत, हें आधीं विचारलें पाहिजे. पालकांस आमची विनंती आहे: ‘पोरगा नापास आहे’ असें म्हणूं नका, ‘गणिताचा पेपर राहिला आहे’ असें म्हणा. राहिलेलें काम पुढल्या खेपेस करतां येतें.

आतां आपल्या अरण्यांतील पास. १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें वनोपजाच्या वाहतुकीचें नियमन सरकारच्या हातीं दिलें. लांकूड किंवा बांबू नाक्यावरून न्यावयाचा तर वाहतूक पास पाहिजे. त्यासच लोक टी. पी. म्हणतात. त्या कायद्यानें बांबूची गणना वृक्षांत केली होती. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तोच बांबू गौण वनोपज ठरविला व वनवासी जनांचा त्यावर हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गांवास २००९ मध्यें सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. परंतु बांबू गांवाचा आणि पास दुसऱ्याच्या हातीं, अशी स्थिति राहिली. पासावांचून व्यापारी माल कसा उचलणार? अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं त्या वेळचे केंद्रीय मंत्री श्री. जयराम रमेश व मुख्यमंत्री श्री. पृथ्वीराज चव्हाण त्या गांवीं आले आणि वाहतूक पासांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. पुढें २०१२ च्या सुधारित नियमांनीं हें पास देण्याचें काम ग्रामसभेच्या समितीकडे सोंपविलें, व २०१७ मध्यें वृक्षाच्या व्याख्येंतून बांबूचें नांव गेलें.

ह्यावरून दोन गोष्टी दिसतात. हक्काचा कागद घरांत असला तरी पास मिळेपर्यंत तो हक्क वाटेवरच अडतो. आणि पासाचें पुस्तक ज्याच्या हातीं येतें, त्याच्या शिरीं हिशेबही येतो: बांबू किती तोडला, किती राखला, पैसा कोठें गेला. तो हिशेब ठेवण्यास गांवास लिहितीं वाचतीं मुलें लागतात. म्हणून नापास ठरवून घरीं बसविलेलें मूल हें एका घराचेंच नव्हे, साऱ्या गांवाचें नुकसान होय.

बंधुभगिनींनो, आपणांपैकीं कोणी शिक्षक आहेत, कोणी कारकून, कोणी समितीचे सभासद. दुसऱ्याचें पाऊल अडविण्याचा किंवा पुढें पडूं देण्याचा प्रसंग आपणांस रोज येतो. नियम जरूर पाहावा. परंतु ज्याचा हक्क आहे त्यास दारांत ताटकळत ठेवूं नये. इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.