तिमाही तक्ता आणि गंगारामांचा चहा



कोल्हापुरात समतेवर बोलायचं म्हणजे राजर्षी शाहूंचं नाव घ्यायचं, टाळ्या घ्यायच्या आणि खाली बसायचं, असा एक सोपा रिवाज पडलाय. मी आज तुम्हाला त्यांच्या हुकमातलं एक रुक्ष कलम ऐकवणार आहे.

तारीख २६ जुलै १९०२. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. इकडे करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाच्या गॅझेटात हुकूम निघाला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. एवढं आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच हुकमात पुढे लिहिलंय, की प्रत्येक खातेप्रमुखाने आपण केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीला सादर करावा.

मला विचाराल तर खरी मेख त्या तक्त्यात आहे. महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. यातल्या प्रत्येकाने कुणाचा हक्क मुद्दाम डावलला, असं मी म्हणणार नाही. आपल्या ओळखीतला, आपल्यासारखं बोलणारा, आपल्या पंगतीला चालणारा उमेदवार आपल्याला आपोआप ‘लायक’ वाटायला लागतो. तो दोष कुठल्या एका जातीचा नाही. महाराज ‘मनं मोठी करा’ असं विनवत बसले नाहीत. कुणाला घेतलं ते लिहून पाठवा, म्हणाले.

नोकरीआधी शिक्षण हवं, म्हणून वसतिगृहं निघाली. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये सुरू झालं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड, तोही त्या काळचा रुपया! अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा १९१९ मध्ये बंद झाल्या आणि सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचं ठरलं.

पण हुकमाने कचेरीची दारं उघडतात, अस्पृश्य माणसाच्या हातचा चहा घशाखाली उतरत नाही. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदातल्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांना कळलं तेव्हा त्यांनी गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला पाठबळ दिलं. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचं ‘सत्यसुधारक’ हॉटेल सुरू झालं. स्वच्छता चोख, चहा फक्कड, आणि गिऱ्हाईक नाही. मग छत्रपतींचा खडखडा भर रस्त्यात तिथे थांबू लागला. महाराज हाक मारून चहा मागवायचे आणि गाडीत शेजारी बसलेल्या उच्चवर्णीय मंडळींच्याही हातात कप द्यायचे. आता नको म्हणायची टाप कुणाची? याच गंगारामांनी पुढे पुढाकार घेतला आणि १९२५ मध्ये नर्सरी बागेत महाराजांचं स्मारक उभं राहिलं.

ही गोष्ट सांगताना आपण नेहमी महाराजांच्या मोठेपणावर थांबतो. मला त्यांचा हिशेबीपणा जास्त भावतो. धाडस कुणी करायचं, हे त्यांनी नीट ओळखलं होतं. मार खाल्लेल्या गंगारामांनी पुन्हा हौदावर जाऊन दाखवावं, अशी अपेक्षा त्यांनी धरली नाही. ज्याच्याकडे सत्ता होती त्यानेच पहिला घोट घेतला.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कुणी उद्या बँकेत बसेल, कुणी शाळेत, कुणी कारखान्याच्या ऑफिसात. पाचदहा वर्षांत तुम्ही मुलाखतीच्या टेबलापलीकडे असाल. समोरच्याचं आडनाव ऐकून ‘कुठले तुम्ही? पाहुणे कोण?’ हा प्रश्न तुमच्याही ओठांवर येईल. फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीतला कुणीतरी कानाशी लागेल, की ‘त्यांच्यातले’ नकोत. गावाकडच्या मुलीची बोली ऐकून पॅनेलवरचा एखादा हसेल. यातल्या कशाचीही नोंद कुठल्या फायलीत होत नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलंय.

तेव्हा माझी एकच मागणी आहे. हातात अधिकार आला, की आपला तिमाही तक्ता आपणच मांडा. गेल्या तीन महिन्यांत कुणाला संधी दिली, कुणाला ‘बघू, कळवतो’ म्हणून वाटेला लावलं, डबा कुणाबरोबर खाल्ला, हे नावानिशी लिहा. आणि सगळी नावं आपल्याच गोतावळ्यातली निघाली, तर पुढची नेमणूक कुणाची करायची ते १९०२ च्या त्या हुकमात वाचा.