कॉम्प्युटरची किल्ली गटाकडेच राहू दे



आज बोलायचंय ते कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम कसा टाकायचा आणि सेटिंग्ज कशी बसवायची याबद्दल. "ते आपलं काम नाही, दुकानातला दादा करतो," असं बऱ्याच ग्रामसंघांत ऐकू येतं. पण आपली पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं, अद्ययावत लेखे. हे लेखे आता वहीसोबत कॉम्प्युटरवरही असतात. कुणाचं कर्ज किती, कुणाचा हप्ता थकला, कुणाचा आधार नंबर काय, सगळं तिथे आहे. म्हणजे कॉम्प्युटर हे गटाचं कपाटच झालं. कपाटाची किल्ली आपण दुकानात ठेवतो का?

ही किल्ली कुठे असते ते आधी समजून घेऊ. बहुतेकींकडे विंडोज आहे. त्यात खाती दोन प्रकारची असतात. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. हे खातं प्रोग्राम टाकू शकतं, काढू शकतं, सगळी सेटिंग्ज बदलू शकतं. दुसरं स्टँडर्ड. त्यात रोजचं काम होतं, पण मोठा बदल करायचा तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. कॉम्प्युटर सुरू करताना पहिलं उघडलेलं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतं, आणि पुष्कळ ठिकाणी सगळ्याजणी त्यातच काम करत राहतात.

बँकेत आपण काय करतो? एकटीच्या सहीने पैसे काढू देत नाही. इथेही तसंच करा. सेटिंग्ज उघडा, अकाउंट्समध्ये जा, अदर युजर्समध्ये रोजच्या लिखाणासाठी वेगळं स्टँडर्ड खातं तयार करा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव यांनाच माहीत असू दे. तो बंद पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवा. पडद्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मात्र नको.

आता प्रोग्राम टाकण्याबद्दल. तुम्ही इन्स्टॉल म्हटलं की पडदा जरा काळपट होतो आणि मध्ये एक चौकट येते. 'या अ‍ॅपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का?' असं ती इंग्रजीत विचारते. खाली येस आणि नो. आपलं बोट सवयीने येसवर जातं. तिथे थांबा. त्या चौकटीत प्रोग्रामचं नाव असतं आणि पब्लिशर, म्हणजे बनवणारा कोण, तेही असतं. पब्लिशर अननोन लिहिलेलं असेल, किंवा आपण काही टाकायला घेतलेलंच नसताना चौकट आली असेल, तर नो दाबा. नो दाबल्याने काही बिघडत नाही.

आणि एक. विकतचा प्रोग्राम फुकटात चालू करून देतो, फक्त अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा, असं कुणी म्हणालं तर सरळ नको म्हणा. घराचा कुत्रा बांधून ठेवा मग मी आत येतो, असं म्हणणाऱ्याला आपण दार उघडू का? हिशेबाला आणि पत्रांना लिब्रे ऑफिस हा प्रोग्राम रीतसर मोफत मिळतो, त्यात मराठीही चालतं. तो त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या.

आता एक सेटिंग सांगते. दिसायला बारीक आहे, पण पैशाचं आहे. तारीख. काही कॉम्प्युटरवर तारखेची पद्धत अमेरिकेची असते, आधी महिना आणि मग दिवस. आपण ५ जूनला कर्ज दिलं आणि हिशेबाच्या तक्त्यात ०५/०६/२०२६ लिहिलं, तर कॉम्प्युटर ते ६ मे समजतो. दहा हजारांचं कर्ज, दरमहा दोन टक्के व्याज. तक्ता दिवसांवर व्याज काढत असेल तर त्या बाईच्या नावावर ३० दिवसांचे २०० रुपये जादा चढतात. तिने पैसे वेळेवर भरले तरी वाद तिच्याच गळ्यात. २५ जून लिहिलं तर पंचविसावा महिना नसल्याने ती तारीख मोजलीच जात नाही.

उपाय सोपा आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन. तिथे रीजनल फॉरमॅटमध्ये इंग्लिश इंडिया निवडा. पण आधी चुकीच्या बसलेल्या तारखा यामुळे आपोआप दुरुस्त होत नाहीत. वही समोर घेऊन एकेक नोंद ताडून बघा. त्याच पानावर अ‍ॅड लँग्वेजमधून मराठी घ्या. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजीतून मराठीत जाता येतं. सभासदाला तिच्या भाषेत पावती देता येते.

आता फसवणुकीचं. "बँकेतून बोलतोय, तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो, एवढा एक प्रोग्राम टाका आणि पडद्यावरचा नंबर सांगा," असा फोन येतो. काही प्रोग्राम दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवण्यासाठीच असतात. ते मुळात वाईट नाहीत, पण तो नंबर दिला की तुमचा पडदा त्याच्या हातात जातो. बँक असं करायला सांगत नाही. फोन ठेवा. पैसे गेलेच तर इंटरनेट बंद करा, लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. लाज बाळगून उशीर करू नका. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी: त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० नावाची सोय लागते. जुन्या मशीनला ते जमलं नाही तर उबंटूसारखी मोफत प्रणाली टाकता येते. पण कोणतीही नवी प्रणाली टाकण्याआधी सगळ्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नवी प्रणाली बसवताना जुनं सगळं पुसलं जाऊ शकतं.

येत्या बैठकीत एवढंच करा. एका वहीत चार रकाने आखा: तारीख, कोणता प्रोग्राम टाकला किंवा कोणतं सेटिंग बदललं, कुणी, कशासाठी. दुकानातला दादा आला तरी त्याच्याशेजारी एकजण बसू दे आणि ही वही भरू दे. तो गेल्यावर पासवर्ड बदला. त्याच्यावर संशय म्हणून नाही. कॅशबुक आपण दर महिन्याला तपासतो, ते तरी कुठे कोषाध्यक्षताईंवर संशय घेऊन? ती गटाची शिस्त असते.

बरं, येते मी. नमस्कार.