अधिछात्रवृत्ती बंद झाली, संशोधन कशाला थांबवायचं?

(पुसद येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानाचा विषय निघाला की आपल्या भाषणांत इब्न अल-हैसम हमखास येतात. त्यांचा अभिमान आहेच, पण ते हजार वर्षांपूर्वीचे. मी आपल्या काळातलं एक नाव सांगतो: नासिर अहमद. जन्म 1940, बंगळुरू. अभियांत्रिकीची पदवी तिथलीच, पुढे अमेरिकेत पीएच.डी. 1972मध्ये त्यांनी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे निधी मागितला. चित्रातली माहिती कोसाइन लहरींमध्ये मांडली तर ती फार कमी जागेत मावेल, अशी त्यांची कल्पना होती. प्रस्ताव नामंजूर झाला. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता. अहमद यांनी 1973चा उन्हाळा बिनपगारी काम करून काढला. 1974मध्ये त्यांचा विद्यार्थी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह शोधनिबंध छापून आला. तुमच्या फोनमधला जेपीईजी फोटो त्याच गणितावर साठवला जातो.

पण यातून ‘पैसे नसले तरी चालतं’ असा अर्थ काढू नका. अहमद यांच्याकडे प्राध्यापकाची नोकरी होती. ज्या घरात अब्बांचं गॅरेज किंवा पानटपरी आहे आणि बहिणीची फी भरायची आहे, तिथल्या मुलाने किंवा मुलीने पाच वर्षं बिनपगारी काम करावं, असं मी कधीच म्हणणार नाही. पीएच.डी. करायची तर पैसे मिळवूनच करायची.

आता कडू भाग. 2009पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती होती. केंद्र सरकारने ती 2022-23पासून बंद केली. दुसऱ्या योजनांशी ती सारखी होते, असं कारण संसदेत दिलं गेलं. या निर्णयाबद्दल नाराजी आहे, ती रास्त आहे आणि सनदशीर मार्गाने मांडत राहिली पाहिजे. पण ती मागणी मान्य होईपर्यंत तुमचं वय थांबणार नाही. म्हणून आज उघडे असलेले दरवाजे नीट पाहून घ्या.

पहिला दरवाजा ‘गेट’ परीक्षेचा. तिसऱ्या वर्षातही ती देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. आयआयटीत किंवा नागपूरच्या व्हीएनआयटीत पूर्णवेळ पीएच.डी.ला संस्थेची अधिछात्रवृत्ती मिळाली, तर 2023च्या दरांनुसार पहिली दोन वर्षं महिना 37 हजार आणि पुढे 42 हजार रुपये. दुसरा दरवाजा यूजीसी नेट-जेआरएफचा, रक्कम तेवढीच. तिसरा, इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटीसाठीच असलेली केंद्राची विश्वेश्वरय्या पीएच.डी. योजना, इमेज प्रोसेसिंग तिच्यात थेट बसतं. चौथा, राज्याची ‘महाज्योती’. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर काढलेला नसतो. ते काम आजच सुरू करा. अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ ही संस्था उभारण्याचा निर्णयही राज्याने 2024मध्ये घेतला आहे. तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि एम.टेक. नाही म्हणून घाबरू नका. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील, तर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो.

घरी हे सगळं आकड्यांत सांगा. ‘अजून पाच वर्षं शिकायचंय’ म्हटलं की अम्मी-अब्बांना खर्च दिसतो. ‘महिना 37 हजार मिळणार आहेत’ म्हटलं की बोलणं दुसऱ्या वळणावर जातं. मुलींनी तर हा आकडा आधीच पाठ करून ठेवावा.

आता प्रश्न विषयाचा. तो इंटरनेटवर शोधू नका, शिवारात जा. आपल्या कपाशीचा शत्रू गुलाबी बोंडअळी. ती बोंडात शिरली की बाहेरून दिसत नाही, म्हणून कामगंध सापळे लावून नर पतंग मोजतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारणीची वेळ आली असं समजतात. मोजणी चुकली तर एक तर पीक जातं किंवा विनाकारण फवारणी होते. फवारणीची किंमत आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. 2017मध्ये इथे विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले.

मुंबईच्या ‘वाधवानी एआय’ने सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढून मोजणी करणारं ॲप बनवलं. 2019मध्ये त्यांना गूगलकडून 20 लाख डॉलरचं अनुदान मिळालं. म्हणजे आपल्या बांधावरचा प्रश्न जगाला निधी देण्याजोगा वाटला. आणि तो संपलेला नाही. पतंग एकमेकांवर चिकटतात, पंख झडतात, दुसरे किडे पडतात, संध्याकाळचा उजेड कमी असतो, फोन स्वस्तातला असतो. यातल्या एकेका अडचणीवर एकेक प्रबंध होऊ शकतो. जिनिंगमध्ये रुईतला कचरा कॅमेऱ्याने ओळखणं, वणीच्या कोळसा खाणीत पट्ट्याला पडलेली चीर वेळेवर पकडणं, हेही असेच विषय.

मी स्वतः बी.ई. करून कंपनीत चित्रं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम करतो. पगार चांगला आहे, तक्रार नाही. पण कोणता प्रश्न सोडवायचा हे जिथे ठरतं, त्या टेबलाभोवती बहुतेक पीएच.डी. झालेले लोक बसतात. तिथे यवतमाळचं कोणी नसेल तर बोंडअळीची आठवण कोण करून देणार?

म्हणून या हंगामात एक काम करा. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडचा सापळा निवडा. तीस दिवस रोज फोटो काढा. वहीत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि हाताने मोजलेले पतंग लिहा. मुलाखतीला जाताना ती वही सोबत न्या. ‘तुम्हाला काय संशोधन करायचंय?’ असं विचारलं की ती समोर ठेवा.

आता तुमचे प्रश्न ऐकतो.