जिजाऊंचं माहेर पायी पाहताना

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

मैत्रिणींनो, कुणी आत्ता चुलीपुढे असाल, कुणी निंदणाहून येऊन पाय धूत असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आम्ही सिंदखेडराजाच्या. बचत गटातल्या दहाजणी. पापड, शेवया, मसाले हे सगळं आम्ही करतोच. पण आज त्याबद्दल बोलायचं नाही. गेली काही वर्षं आम्ही आणखी एक काम करतो. बाहेरगावच्या बायांना आमचं गाव पायी फिरून दाखवतो. त्यात काय चुकलं, काय शिकलो, ते आज सांगणार आहोत.

आमचं गाव म्हणजे जिजाऊंचं माहेर. १२ जानेवारी १५९८ हा त्यांचा जन्मदिवस. दर वर्षी १२ जानेवारीला गावात पाय ठेवायला जागा नसते. लोक येतात, राजवाड्यात जातात, डोकं टेकतात, फोटो काढतात आणि गाडीत बसतात. आता तर समृद्धी महामार्ग जवळून गेलाय. गाडी उतरली, वाडा पाहिला, गाडी पुन्हा वर चढली. तासाभरात सगळं आटोपतं.

आम्हाला वाटायचं, असं कुणी माहेर बघतं का? आपण माहेरी गेलो की फक्त आपण जन्मलो ती खोली बघून परत येतो का? विहिरीवर जातो, देवळात जातो, शेजारच्या काकूला भेटतो, गेलेल्या माणसांच्या आठवणीनं डोळे पुसतो. मग जिजाऊंचं माहेरही तसंच दाखवावं, असं ठरलं.

एका शिबिरात ताईंनी फ्रान्स देशातली गोष्ट सांगितली होती. तिथं १९८२ साली छोट्या सुंदर गावांची एक संघटना निघाली. दोन हजारांच्या आतली वस्ती आणि जपलेल्या जुन्या वास्तू असतील, अशाच गावांना त्यात घेतात. लोक लांबून येतात, गल्लीबोळांतून पायी फिरतात, तिथंच जेवतात. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "मग आपल्या गावात काय कमी हाय?" कमी काही नव्हतं. दाखवणारं कुणी नव्हतं.

सुरुवात सोपी नव्हती. घरी विचारलं तर एकीचा दीर म्हणाला, "तुम्हाला इतिहास काय कळतो?" एकीची सासू म्हणाली, "गावात फिरून लोकांना दगडं दाखवणार का आता?" पण पहिल्या फेरीला तीच सासू सोबत आली. अर्ध्या वाटेवर आम्हाला थांबवून म्हणाली, "इथं काय ते मी सांगते, तुमाले माहीत नाही." त्या दिवसापासून ती आमची अकरावी.

आमची फेरी सकाळी लवकर सुरू होते, ऊन चढायच्या आत. आधी लखुजीराजे जाधवांचा राजवाडा. जिजाऊंचे वडील लखुजीराजे निजामशाहीतले मोठे सरदार. आई म्हाळसाबाई. वाड्याच्या मोठ्या दरवाज्यातून आत गेलं की आम्ही बायांना थोडा वेळ काहीच सांगत नाही. दगडाला हात लावा म्हणतो. भिंत किती जाड आहे ते बघा म्हणतो. पुस्तकातली जिजाऊ कायम मोठी असते, शिवाजीराजांना घडवणारी आई. इथं ती लहान पोर होती, याच अंगणात पळाली असेल, हे तिथं उभं राहिल्यावरच ध्यानात येतं.

पुढे रंगमहाल. आणि इथंच आमची फजिती झाली.

शहाजीराजे आणि जिजाऊ यांच्या लग्नाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. रंगपंचमीला दोन्ही लेकरं एकमेकांवर रंग उडवत होती. लखुजीराजे गमतीत म्हणाले, जोडा छान दिसतो. मालोजीराजांनी ते शब्द धरून ठेवले. आम्ही ही गोष्ट रंगात येऊन सांगायचो. "याच ठिकाणी, याच खांबापाशी!" असं हात करून दाखवायचो. एकदा कॉलेजातल्या मुली आल्या होत्या. त्यातल्या एकीनं वही काढली आणि विचारलं, "काकू, हे इथंच झालं असं कुठं लिहिलंय?" आमच्यातली जी बोलत होती तिला काही सुचेना. माघार कशी घ्यायची म्हणून तिनं एक साल ठोकून दिलं. मुलीनं ते वहीत लिहून घेतलं.

त्या रात्री आम्हाला कुणालाच नीट झोप आली नाही. पोरीनं विश्वासानं लिहून घेतलं आणि आपण खोटं सांगितलं. ज्या माउलीचं नाव घेऊन हे काम करतो, तिच्याच दारात खोटं. दुसऱ्या दिवशी मुलींसोबत आलेल्या बाईंना फोन केला आणि सांगितलं, ते साल खोडा, ते आम्हाला माहीत नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हेच मुलींना सांगते. हा मोठा धडा आहे."

तेव्हापासून आमचा नियम आहे. बोलण्याचे तीन प्रकार. जे डोळ्यांना दिसतं, त्याला "बघा" म्हणायचं. ज्याची नोंद आहे, त्याला "नोंद आहे" म्हणायचं. जे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले, त्याला "सांगतात" म्हणायचं. रंगपंचमीची गोष्ट आम्ही आजही सांगतो, तशीच रंगून सांगतो. पण आधी "सांगतात" म्हणतो. गोष्टीची गोडी त्यानं कमी होत नाही, आणि मनाला टोचणीही राहत नाही.

रंगमहालानंतर नीळकंठेश्वराचं जुनं देऊळ. देवळासमोर तळापर्यंत पायऱ्यांची बारव आहे. इथं बाया आपोआप खाली बसतात. पाणी म्हटलं की बाईचा पाय थांबतो. पाणी आणण्याचं काम पूर्वीही तिच्याच डोक्यावर होतं. आपण घागरीनं आणलं, आपल्या पोरीनं कॅननं आणलं.

आमच्या गावाची खरी श्रीमंती या पाण्यात आहे, असं आम्हाला फिरता फिरता कळलं. मोती तलाव बघा. त्याचा पुढचा बांध किल्ल्याच्या तटासारखा बांधून काढलाय. चांदणी तलावात मधोमध तीन मजली इमारत उभी आहे. पुतळा बारवेत दगडात कोरलेल्या मूर्ती आहेत. सजना बारवेतून जमिनीखालून गावाला पाणी नेलं होतं, असं सांगतात. हा आपला कमी पावसाचा, दुष्काळ पाहिलेला मुलूख. इथं राजानं फक्त तलवार चालवून भागत नव्हतं, पाणी धरावं लागत होतं. जिजाऊंनी पुढे पुण्याची उजाड जमीन पुन्हा वसवायला हातभार लावला. तलाव-बारवांच्या गावात वाढलेल्या मुलीला पाण्याची किंमत कळत असणार, असं आम्हाला वाटतं. हे मात्र ना नोंद, ना सांगोवांगी. हे आमचं वाटणं आहे, आणि तसं आम्ही सांगूनच बोलतो.

आता फेरीतली सगळ्यात जड जागा. लखुजीराजांची समाधी. घुमटाची भली मोठी दगडी वास्तू. आत गेलं की आवाज आपोआप खाली येतो. नोंद आहे ती अशी. २५ जुलै १६२९ या दिवशी दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाच्या दरबारात लखुजीराजांना दगा झाला. त्यांच्यासोबत अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव, असे चौघं एकाच दिवशी मारले गेले. त्याआधी एक भाऊ, दत्ताजी, खंडागळ्यांच्या हत्तीवरून पेटलेल्या भांडणात गेला होता. त्या भांडणात जाधव आणि भोसले, म्हणजे माहेर आणि सासर, एकमेकांवर तलवारी घेऊन उभे राहिले होते.

आम्ही हे बरेच दिवस पाठ केल्यासारखं सांगत होतो. एकदा लोणारकडच्या एका गटाच्या बाया आल्या होत्या. त्यात एक म्हातारी सुईण होती. तिनं ऐकलं आणि विचारलं, "शिवाजीराजे कधी जन्मले म्हणालीस?" आम्ही सांगितलं, १९ फेब्रुवारी १६३०. ती बोटांवर मोजायला लागली. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर करत मागे जुलैपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "मंग तवा जिजाऊले दिवस गेले होते वं. दुसरा-तिसरा महिना असन."

सगळ्या गप्प झाल्या. आम्ही इतकी वर्षं दोन्ही तारखा सांगत होतो, पण शेजारी ठेवून मोजल्या नव्हत्या. बाप गेला, दोन भाऊ गेले, भाचा गेला, तेही एका दिवसात, आणि पोटात दोन-तीन महिन्यांचं लेकरू. त्या दिवसांत साधं जेवण पोटात ठरत नाही. अशा दिवसांत ही बातमी बाईनं कशी ऐकली असेल? आणि बाळंतपण झालं ते शिवनेरीसारख्या किल्ल्यावर, चहूकडे धामधूम असताना. एका बाईचा बाप अपघातात गेला होता, ती तिथंच पायरीवर बसून रडली. आम्ही कुणी तिला उठवलं नाही. पदर पुढे केला, पाणी दिलं. त्या दिवशी फेरी उशिरा संपली.

आता समाधीपाशी आम्ही बायांनाच महिने मोजायला लावतो. सांगावं लागत नाही, त्यांचं त्यांना कळतं.

याच समाधीच्या जतनाचं काम भारतीय पुरातत्त्व खात्यानं काढलं, तेव्हा २०२४ साली जमिनीखाली जुन्या देवळाचे अवशेष लागले. जूनमध्ये शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. शेषावर निजलेला विष्णू, पायाशी लक्ष्मी, आणि समुद्रमंथनाचा देखावा कोरलेला. आपण रोज ज्या जमिनीवरून चालतो तिच्या पोटात काय आहे, ते आपल्यालाही माहीत नसतं. म्हणून जपून चालायचं.

जपण्याबद्दल स्पष्टच सांगतो, कारण यात आपणही चुकतो. जुना देव दिसला की आपण त्याला तेलकट रंग देतो, चुना लावतो. भक्तीनंच करतो, पण त्या रंगाखाली कोरीव काम बुजतं. बारवेच्या पायरीवर नारळ फोडतो. पूजेचं साहित्य प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात सोडतो. आम्हीही हे केलंय. आता आम्ही फेरीआधी पायऱ्यांवरचा कचरा उचलतो. पण दगड हलवत नाही, घासत नाही, झुडूप उपटत नाही. झुडपाची मुळं सांध्यात शिरलेली असतात, ओढलं तर दगडच निघतो. ते काम जाणकारांचं. आपण कळवायचं आणि पाठपुरावा करायचा.

काळाकोटाच्या प्रचंड भिंती बघून आमची फेरी संपते. मग गटाच्या घरी ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा आणि ताक. जेवणाचे पैसे घेतो, संकोच न करता घेतो. आधी लाज वाटायची. मग कळलं, चाललो आम्ही, बोललो आम्ही, रांधलं आम्ही. कष्टाचं मोल घेण्यात लाज कसली? त्या दिरानंही आता पाहुण्यांसाठी अंगणात मांडव घालून दिलाय.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, तुमचं गाव जिजाऊंचं, आमच्या गावात काय आहे? आपल्याच तालुक्यातलं साखरखेर्डा घ्या. १७२४ साली तिथं निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली आणि त्या निकालावर हैदराबादच्या निजामाचं राज्य उभं राहिलं. मेहकरला शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. लोणारच्या सरोवराकाठी तर किती देवळं आहेत. आणि यातलं काहीच नसेल, तरी तुमच्या गावात एखादी जुनी विहीर असेल, पडका वाडा असेल, गढी असेल.

एक काम करा. गटाच्या पुढच्या बैठकीच्या दिवशी अर्धा तास आधी निघा. गावातली सगळ्यात म्हातारी बाई सोबत घ्या. चार ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी वहीत लिहा. काय दिसतं, कशाची नोंद आहे, काय सांगतात. नोंद सापडली नाही तर ती जागा कोरी सोडा. कोरी जागा ठेवायला लाजू नका, आम्ही लाजलो आणि फसलो.

आणि सिंदखेडराजाला याल तेव्हा सकाळी या. पायात घट्ट चप्पल घाला, बारवेच्या पायऱ्या निसरड्या असतात. पाण्याची बाटली आणा आणि रिकामी झाल्यावर घरी परत न्या. म्हातारी आई-सासू असेल तर तिला मागे ठेवू नका. बोटांवर महिने मोजणाऱ्या त्या आजीनं आम्हाला जे शिकवलं, ते आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

जिजाऊंचं माहेर ते आपलंही माहेर. माहेरी घाईनं येऊ नये. या, आणि पायी या. आम्ही वाड्याच्या दरवाज्यापाशी वाट बघतो.